चाकावरचा संसार



दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला ट्रॅक्टर येतात, ट्रॉल्या वेशीपाशी उभ्या राहतात आणि एकेक संसार वर चढतो. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, ज्वारीचं पोतं, तवा, परात, कळशी, ताडपत्री, कोपीसाठी बांबू, डालग्यात दोन कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर लेकरं. आमच्या बचत गटांतल्या बऱ्याच जणी अशाच जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणून दसऱ्याच्या आधीची बैठक आमच्याकडे मोठी असते. हप्त्यांचा हिशेब होतो, पासबुकं नीट ठेवली जातात आणि मग गप्पा होतात.

गेल्या वर्षी अशाच बैठकीत एका मुलीनं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातलं एक वयस्कर जोडपं, त्यांची भलीमोठी गाडी आणि गाडीच्या आत अख्खं घर! ओटा, शेगडी, पलंग, छोटी मोरी, पाण्याची टाकी. अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. ती बाई आपल्या गाडीतल्या युक्त्या सांगत होती. ताटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे काय घालायचं, कपाट चालत्या गाडीत उघडू नये म्हणून काय करायचं, असं बरंच काही.

सगळ्या गप्प होऊन बघत होत्या. मग आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, ते बी आपल्यावानीच करत्यात की! भांड्याला भांडं लागू नये म्हणून मधी फडकं. आपण लुगड्याच्या चिंध्या घालतो, ते इकत आणलेलं रबर घालत्यात, येवढाच फरक."

हसू झालं, पण मावशींचं बोलणं आमच्या मनात राहिलं. सात समुद्रापलीकडची बाई आणि आमच्या मावशी एकच युक्ती करतात, तर ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली असेल? चाकावर संसार करायचं शहाणपण कुठून आलं? आम्ही काही जणींनी मिळून याचा इतिहास शोधला, वाचला. तोच आज तुम्हाला सांगणार आहोत.

बैलांनी ओढलेलं घर

अमेरिकेतल्या मोटारहोमच्या युक्त्या मोटारीपेक्षा जुन्या आहेत. त्या बैलगाडीतून आल्या आहेत.

साधारण 1840 ते 1860 या काळात अमेरिकेच्या पूर्वेकडची आणि मधल्या भागातली लाखो माणसं जमिनीच्या आशेनं पश्चिमेकडे निघाली. त्यांच्या एका मोठ्या वाटेचं नाव ऑरेगॉन ट्रेल. लांबी सुमारे 3,200 किलोमीटर. पायी चालत गेलं तर चार ते सहा महिने लागायचे. 1843 साली पहिला मोठा तांडा निघाला, त्यात साधारण हजार माणसं होती. ही वाट ज्या मुलखातून जायची तो मुलूख मोकळा नव्हता. तिथल्या मूळ आदिवासींचा तो होता आणि पुढे त्यांच्याकडून तो हिसकावला गेला. हेही त्याच इतिहासात आहे, ते विसरून चालणार नाही.

एका कुटुंबाला साधारण एकच गाडी. रुंदी सुमारे 4 फूट, लांबी 10 ते 12 फूट. वर लाकडी कमानी आणि त्यावर जाड कापडाचं छत. पाऊस आत येऊ नये म्हणून त्या कापडाला जवसाचं तेल चोळायचे. एवढ्या जागेत चार-सहा महिन्यांचं धान्य, अंथरूण, अवजारं, भांडी. मग माणसं कुठे बसणार? बहुतेक जण गाडीच्या बाजूनं चालतच जायचे. आत बसून तरी काय सुख? गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक दगड हाडाला कळायचा.

1859 साली रँडॉल्फ मार्सी नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात 110 दिवसांसाठी एका मोठ्या माणसाला किती शिधा लागेल याचा हिशेब आहे. पीठ 68 किलो, खारवलेलं डुकराचं मांस 11 किलो, साखर 11 किलो, कॉफी जवळजवळ 7 किलो. म्हणजे पीठ दिवसाला साधारण 600 ग्रॅम. मुकादमाबरोबर निघण्याआधी आपण पोत्यांचा जो हिशेब मांडतो, तोच हा.

त्याच पुस्तकातली एक युक्ती वाचून आम्ही हसलोच. मार्सी सांगतो की लोणी उष्ण हवेत टिकवायचं असेल तर ते चांगलं कढवावं, वर येणारा फेस काढत राहावं, तेलासारखं स्वच्छ दिसायला लागलं की पत्र्याच्या डब्यात भरून डबा झाळून बंद करावा. असं लोणी फार दिवस चांगलं राहतं. मैत्रिणींनो, त्या साहेबानं पुस्तकात छापलेली ही युक्ती म्हणजे आपलं तूप! आपल्या आज्या-पणज्या ते रोज कढवत होत्या.

धक्क्याला कामाला लावलं

आता त्या गाड्यांमधल्या बायकांच्या युक्त्या ऐका.

गाडीबरोबर दुभती गाय असायची. सकाळी दूध काढायचं, सगळं प्यायलं जायचं नाही. उरलेलं दूध झाकणाच्या बादलीत घालून बादली गाडीला टांगायची. दिवसभर गाडी खडखडत जायची आणि संध्याकाळी झाकण उघडलं की वर लोण्याचा गोळा. रवी नाही, घुसळणं नाही. ज्या धक्क्यांनी अंग खिळखिळं व्हायचं, त्याच धक्क्यांकडून त्यांनी ताक करून घेतलं.

अंडी पिठाच्या किंवा मक्याच्या रव्याच्या पिंपात खुपसून न्यायची. रवा धक्का खातो, अंडं वाचतं. अंडी संपत जातात तसा रवाही भाकरीला वापरला जातो. म्हणजे अंड्यांसाठी वेगळी पेटी लागली नाही आणि जागाही गेली नाही. आमच्या गटातल्या दोघी-तिघी अंडी ज्वारीत खुपसून नेतात. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात काय, आमची आई बी तसंच न्यायची."

मांसाच्या पेटीत सगळीकडून कोंडा भरायचा, म्हणजे उन्हात चरबी वितळत नाही. छताच्या कापडाला आतून खिसे शिवायचे आणि त्यात कंगवा, सुई-दोरा, औषधाच्या बाटल्या, चमचे ठेवायचे. जमिनीवर जागा नाही ना, मग भिंतीला खिसे. आजच्या मोटारहोमच्या दाराच्या मागे कापडी कप्पे लटकत असतात, ते याच खिशांचे वंशज म्हणायचे.

सरपण हा मोठा प्रश्न. वाटेत मैलोन् मैल गवताळ रान, झाड नाही. पण त्या रानात गव्यासारख्या जनावरांचे, बायसनचे कळप होते आणि त्यांचं वाळलेलं शेण पडलेलं असायचं. सुरुवातीला बायकांना त्याला हात लावायची किळस वाटायची. मग चूल पेटेना तेव्हा ओट्यात भरभरून गोळा करायला लागल्या. आपल्याला गोवरीचं काही नवल नाही, पण ज्यांनी जन्मभर लाकडावर रांधलं होतं त्यांना हे शिकावं लागलं.

पुरुषांच्या कामातही अशाच युक्त्या होत्या. कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आकसायचं आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटायची. मग रात्री चाकं ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. तेवढ्यानं भागलं नाही तर धावेखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. गाडीखाली डांबर आणि चरबीच्या वंगणाची बादली कायम लटकलेली असायची. आपल्याकडच्या जुन्या गाडीवानांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

आपल्याला हे कळलं कसं?

पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं गाडीला दुधाची बादली टांगली, हे आज आपल्याला कळलं कसं? कारण त्या बायकांपैकी पुष्कळ जणींनी लिहून ठेवलं. रात्री चुलीच्या उजेडात त्यांनी डायऱ्या लिहिल्या, माहेरी पत्रं लिहिली.

त्यातली एक अमेलिया स्टुअर्ट नाइट. 1853 च्या एप्रिलमध्ये ती नवऱ्याबरोबर आणि सात मुलांबरोबर निघाली. पाऊस, चिखल, आजारी लेकरं, मेलेले बैल, आज काय रांधलं, कपडे कधी धुतले, सगळं तिनं थोडक्यात टिपलं आहे. एक मूल गाडीवरून पडून चाकाखाली येता येता वाचलं, तेही तिनं लिहिलं. एकदा तांडा पुढे निघाला आणि तिची लूसी नावाची मुलगी मुक्कामावरच राहिली. काही मैल गेल्यावर मागून दुसरा तांडा आला, तो लूसीला घेऊन आला, तेव्हा घरच्यांना कळलं की ती राहिली होती! इतकी मुलं, इतकी घाई.

आणि एवढ्या सगळ्या वाटेत अमेलियाला दिवस होते. डायरीत ते ती उघड लिहीत नाही. बरं वाटत नाही, थकवा आहे, एवढंच. प्रवासाच्या अगदी शेवटी, सप्टेंबरमध्ये, रस्त्याकडेला आठवं मूल झालं, हे ती शेवटच्या नोंदीत लिहिते.

हे वाचताना आमच्यातली एक जण उठून बाहेर गेली. तिची धाकटी मुलगी फडावरच्या कोपीत झाली होती. दाई नव्हती, शेजारच्या कोपीतल्या बायकांनी बाळंतपण केलं. तिनं नंतर आम्हाला एवढंच म्हटलं, "तिनं लिवलं तरी. माझं कुणी लिवलं?"

त्या दिवसापासून आमचा या विषयाकडे बघायचा डोळा बदलला. युक्त्यांची मजा होतीच, पण त्या कुणाच्या नावावर जमा होतात, हेही आम्ही शोधायला लागलो.

नाव कुणाचं राहिलं?

1866 साली टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या व्यापाऱ्यानं लष्कराची जुनी गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला खणांचं कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली पाडलं की त्याचाच ओटा व्हायचा. खाली कातड्याची झोळी बांधलेली, वाटेत दिसेल ते सरपण तिच्यात टाकायचं. आंबवलेल्या पिठाचं पिंप कायम बरोबर. थंडीच्या रात्री आंबवण मरू नये म्हणून स्वयंपाकी ते पांघरुणात घेऊन झोपायचे. या गाडीला चक वॅगन म्हणतात. फिरत्या स्वयंपाकघरांच्या इतिहासात गुडनाइटचं नाव पहिल्यांदा येतं आणि ते योग्यच आहे. पण छताला खिसे शिवणारीचं नाव कुठे नाही. बादली टांगणारीचं नाही.

पुढे मोटारी आल्या. 1910 साली पिअर्स-ॲरो कंपनीनं एक गाडी दाखवली, तिची मागची सीट उघडून पलंग व्हायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे घडीचं हात धुवायचं भांडं होतं. ती श्रीमंतांची गाडी. साध्या माणसांनी आपल्या स्वस्त मोटारींवर घरीच फळ्या ठोकल्या, कापड ताणलं आणि निघाले. 1919 मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा गावी अशा प्रवाशांनी आपली संघटना काढली. नाव ठेवलं 'टिन कॅन टुरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी म्हणा. डब्यातलं खायचं आणि ओळख म्हणून रिकामा पत्र्याचा डबा मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर झाळून लावायचा. हॉटेलवाले त्यांना हसायचे. त्यांनी डबाच बिल्ला केला.

वॉली बायम या माणसानं एअरस्ट्रीम नावाची चकचकीत ॲल्युमिनियमची फिरती घरं बनवली. त्यांचं 'क्लिपर' नावाचं घर 1936 साली आलं. ती कंपनी आपल्या सुरुवातीची जी गोष्ट सांगते ती ऐकण्यासारखी आहे. वॉलीच्या बायकोनं सांगितलं की स्वयंपाकघराशिवाय मी फिरायला येणार नाही. म्हणून त्यानं मोटारीच्या सांगाड्यावर पहिलं घर उभारायला घेतलं. नवऱ्याचं नाव जगभर झालं. पण कल्पनेचं बी त्या हट्टात होतं.

1936 सालची एक मोटार

त्याच 1936 साली, त्याच देशात, दुसरी एक मोटार रस्त्याकडेला बंद पडून उभी होती.

मंदीचा काळ होता. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेतं गेली होती. हजारो कुटुंबं जुन्या मोटारींवर गाद्या, भांडी, लेकरं लादून कॅलिफोर्नियात कापूस वेचायला, वाटाणा तोडायला जात होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्यांचा तळ होता. गारठ्यानं पीक गेलेलं, त्यामुळे काम नाही, खायला नाही. तिथे एक 32 वर्षांची बाई कापडाच्या आडोशाला मुलांना जवळ घेऊन बसली होती. सरकारी खात्यासाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँग तिथून जात होत्या. त्यांनी तिचे फोटो काढले. त्यातला एक जगप्रसिद्ध झाला. 'स्थलांतरित आई' या नावानं तो आजही पाठ्यपुस्तकांत असतो.

फोटो छापून आल्यावर सरकारनं तळावर सुमारे 20,000 पौंड, म्हणजे 9 टन अन्न पाठवलं. तोवर ती बाई आणि तिची मुलं पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. आणि तिचं नाव? ते जगाला कळलं 1978 मध्ये, 42 वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तिनं तेव्हा सांगितलं की माझा फोटो काढताना कुणी मला नाव विचारलं नाही आणि त्या फोटोतून मला पैसाही मिळाला नाही.

मैत्रिणींनो, चकचकीत ॲल्युमिनियमचं घर आणि कापडाचा आडोसा, दोन्ही एकाच वर्षातली चाकावरची घरं. एक हौसेचं, एक पोटाचं. आपल्या ट्रॉलीचं नातं कुणाशी आहे ते आपल्याला माहीत आहे. पण युक्त्या मात्र दोन्हीकडे सारख्याच लागतात.

या मजुरांवर जॉन स्टाइनबेक या लेखकानं 1939 साली एक मोठी कादंबरी लिहिली. तोच स्टाइनबेक 1960 मध्ये ट्रकवर छोटं घर बांधून कुत्र्याला बरोबर घेऊन देश बघायला निघाला. त्या प्रवासात तो कपडे कसे धुवायचा, ठाऊक आहे? झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली गाडीत ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरांनी टांगायची. तिच्यात पाणी, साबण आणि मळके कपडे. गाडी दिवसभर हिंदकळली की कपडे निघालेच. मग एखाद्या ओढ्यावर खळबळून वाळत घालायचे. शंभर वर्षांपूर्वी जो धक्का लोणी काढत होता, तोच आता कपडे धुवत होता.

युक्तीमागचं कारण

आता थोडं कामाचं बोलू. मोटारहोमवाले आज ज्या युक्त्या करतात त्यातल्या काही आपल्या ट्रॉलीला आणि कोपीला जशाच्या तशा लागू पडतात. पण प्रत्येक युक्तीमागचं कारण समजून घ्यायचं.

पहिली, सामान लादण्याची. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ, हलक्या वस्तू वर. जड सामान वर गेलं की वळणावर गाडी कलंडते. आपल्याकडे उलटं होतं. पोती वर, पोत्यांवर लेकरं. मुकादमाला आणि ड्रायव्हरला सांगून धान्याची पोती आधी तळाशी लावून घ्या. लेकरं सामानाच्या वर बसवू नका. शक्य असेल तिथे बायका-मुलांसाठी वेगळी गाडी मागा. गटानं एकत्र मागितलं तर ऐकावं लागतं.

दुसरी, पाण्याची. ऑरेगॉनच्या वाटेवर सगळ्यात जास्त माणसं कशानं मेली असतील? कॉलऱ्यानं. 1849 ते 1852 ही वर्षं फार वाईट गेली. सगळे तांडे त्याच त्याच मुक्कामांवर उतरायचे, त्याच डबक्यांचं पाणी प्यायचे. पाण्यातून रोग पसरतो हे तेव्हा माहीतच नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी 1854 साली एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी कॉलऱ्याचा संबंध दाखवला. वाटेवरच्या लोकांना कॉफीची सवय होती. कॉफीसाठी पाणी उकळलं जायचं आणि तेवढं पाणी निर्धोक व्हायचं. युक्ती त्यांच्या हातात होती, कारण माहीत नव्हतं. माहीत असतं तर लेकरांनाही उकळलेलंच पाणी दिलं असतं. आपल्याला कारण माहीत आहे. म्हणून फडावर पाणी खळखळून उकळा, निदान लहान मुलांचं तरी. सरपण कमी असेल तर निघण्याआधी आशाताईंकडून पाणी शुद्ध करायचं औषध घ्या आणि त्या सांगतील त्याच मापानं टाका.

तिसरी, गॅसची. मोटारहोममध्ये सिलिंडर ठेवायच्या खणाला अगदी तळाशी भोक ठेवलेलं असतं. का? कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीलगत साठतो. भोक असेल तर बाहेर निघून जातो. आपल्यातल्या काही जणी आता छोटा सिलिंडर बरोबर नेतात. तो कोपीच्या खोलगट कोपऱ्यात ठेवू नका. वास आला तर काडी ओढू नका, बॅटरीचं बटणही दाबू नका. ताडपत्री वर करा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. थंडीत कोपीची ताडपत्री सगळीकडून बंद करून आत शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ऊब लागते, पण हीच ऊब जीव घेऊ शकते. कोळसा बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो वायू निघत असतो. मोटारहोमवाले यासाठी गाडीत एक यंत्र लावतात, हा वायू वाढला की ते ओरडतं. आपल्याकडे ते यंत्र नाही. म्हणून शेगडी आत घ्यायचीच नाही. त्याऐवजी चुलीजवळ तापवलेली वीट जाड फडक्यात गुंडाळून पायाशी घ्या. लेकराला चटका बसणार नाही एवढी ती निवू द्या. धूर नाही, वायू नाही आणि ऊब बराच वेळ टिकते.

म्हणजे बघा, लोण्याची बादली काय आणि घमेल्यातले निखारे काय, दोन्ही घरगुती युक्त्याच. एकीनं खायला दिलं, दुसरी जीव घेते. ऐकीव युक्ती आहे, आजी करायची, एवढ्यावर भागत नाही. ती का चालते आणि कधी घात करते, हेही कळायला हवं.

आमची वही

त्या बैठकीनंतर आम्ही गटात एक वही केली आहे. साधी दोनशे पानी. पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात युक्ती, दुसऱ्यात ती का चालते, तिसऱ्यात धोका काय. आणि डाव्या समासात, जिनं सांगितली तिचं नाव. नाव लिहिल्याशिवाय युक्ती लिहायची नाही, असा आम्ही नियमच केला.

सुरुवातीला कुणी बोलेना. "आमचं कसलं आलंय लिवण्यासारखं?" मग मावशींनी चिंध्यांची युक्ती सांगितली. पहिल्या पानावर त्यांचं नाव लागलं. त्यांनी वही हातात घेऊन ते नाव बोटानं चाचपून पाहिलं. मग एकीनं सांगितलं, चालत्या ट्रॉलीत पाण्याचा हंडा हिंदकळू नये म्हणून पाण्यावर कडुनिंबाच्या डहाळ्या टाकायच्या. दुसरीनं सांगितलं, कळशीला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार राहतं. का राहतं, ते शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलीनं सांगितलं. फडक्यातलं पाणी वाळताना कळशीतली उष्णता घेऊन जातं. दुसरा रकाना त्या मुलीनंच भरला.

आणि जी उठून बाहेर गेली होती, तीही एका संध्याकाळी आली. म्हणाली, लिहा. फडावर बाळंतपण आलं तर काय काय जवळ हवं, काय उकळून घ्यायचं, गाडी कुणाला सांगून ठेवायची, कुठल्या नंबरावर फोन करायचा. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. आता तिनं ते पहिल्याच ओळीत लिहायला लावलं. दोन पानं भरली. खाली तिचं नाव आहे आणि तारीख आहे.

या वहीच्या प्रती काढून यंदा दसऱ्याला प्रत्येक टोळीबरोबर एक प्रत जाणार आहे. पाडव्याला परत येताना तिच्यात नवी पानं भरून यावीत, एवढीच आमची मागणी आहे.

तुमच्या गटातही अशी वही करा. ऊसतोडीला जात असाल, वीटभट्टीवर जात असाल, मेंढरं घेऊन फिरत असाल किंवा गावातच असाल. युक्ती लिहा, कारण लिहा, धोका लिहा. आणि समासात नाव लिहायला विसरू नका.